ऑलिव्ह तेल आणि वार्धक्यातील सौम्य स्मृतिऱ्हास

सौम्य स्मृतिऱ्हास ही वयोमानाचा विसराळूपणा आणि डिमेन्शिया यांच्या मधली अवस्था. चाचणीत स्मरणशक्ती वयाच्या मानाने उणी भरते, पण माणूस रोजचे व्यवहार स्वतः सांभाळतो. प्रत्येकाला पुढे डिमेन्शिया होतोच असे नाही. काहींची स्थिती सुधारतेही. म्हणून या टप्प्यावर आहाराने काय साधते हा प्रश्न मोलाचा आहे. ऑलिव्ह तेलाचे नाव त्यात हटकून येते, परंतु पुरावा नीट वाचला तर श्रेय एकट्या तेलाला देता येत नाही.

सर्वात भक्कम आधार स्पेनमधील 'प्रेडिमेड' प्रयोगाचा. हृदयविकाराचा धोका असलेल्या 7,447 ज्येष्ठांपैकी एका गटाला भूमध्यसागरी आहारासोबत दर आठवड्याला कुटुंबामागे 1 लिटर एक्स्ट्रा व्हर्जिन तेल मिळे, दुसऱ्याला रोज 30 ग्रॅम अक्रोड, बदाम व हेझलनट, तर तिसऱ्याला स्निग्ध पदार्थ कमी करण्याचा सल्ला. बार्सिलोनातील उपगटाचा निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे चार वर्षांनंतर 334 जणांच्या चाचण्यांत तेलाच्या गटाचे लक्ष व नियोजन तिसऱ्या गटापेक्षा सरस ठरले, स्मरणशक्ती मात्र सुक्या मेव्याच्या गटाची. सौम्य स्मृतिऱ्हास तेलाच्या गटात 13.4 टक्क्यांना, तर तिसऱ्या गटात 12.6 टक्क्यांना झाला. गुण वाढले, पण निदान टळले असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. शिवाय सुरुवातीला ही सर्व माणसे बौद्धिकदृष्ट्या निरोगी होती. स्मृतिऱ्हास झालेल्यांवर हा उपचार नव्हता. तशा रुग्णांवर ग्रीसमध्ये वर्षभराचा प्रयोग झाला आणि तेल घेणाऱ्यांचे गुण सुधारले; पण रुग्ण अवघे 50च्या आसपास होते, तेही तीन गटांत विभागलेले.

यावर आक्षेप येतो तो अमेरिकेच्या 2024 मधील पाहणीचा. 92,000हून अधिक लोकांच्या 28 वर्षांच्या नोंदींत, रोज 7 ग्रॅमपेक्षा जास्त ऑलिव्ह तेल खाणाऱ्यांत डिमेन्शियामुळे होणारे मृत्यू 28 टक्के कमी दिसले, आणि एकूण आहाराचा दर्जा हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. आक्षेप वजनदार आहे. तरी ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. आणि तिच्यातच उत्तराचा धागा आहे. मार्गारीन व मेयोनेजच्या जागी ऑलिव्ह तेल घेतल्यास धोका घटलेला दिसला, इतर वनस्पती तेलांच्या जागी घेतल्यास ठोस फरक दिसला नाही. शेंगदाणा किंवा करडईच्या तेलात फोडणी देणाऱ्या घराने हा तपशील लक्षात ठेवावा. उलट बाजूचा आक्षेप 2023 च्या 'माइंड' या भूमध्यसागरी धर्तीच्या आहाराच्या प्रयोगाचा: 604 जण, तीन वर्षे, हा आहार घेणारा गट आणि तुलनेचा गट यांच्या बौद्धिक गुणांत लक्षणीय फरक नाही. मात्र त्यात दोन्ही गटांना उष्मांक कमी करायला शिकवले होते आणि दोन्हींचे गुण वाढले होते, त्यामुळे आहार निरुपयोगी ठरला असे त्यातून निघत नाही.

एक्स्ट्रा व्हर्जिन तेल यंत्राने दाबून काढतात, त्यामुळे त्यातील पॉलिफेनॉल टिकतात. घशाला झोंबणारे ओलिओकँथल त्यांपैकीच. शुद्धीकरणात ती बरीचशी जातात, म्हणून रिफाइन्ड ऑलिव्ह तेलावर वरील प्रयोगांचा दाखला लावणे चुकीचे. तेल कोणतेही असो, विसराळूपणाचे आहारातील एक कारण मात्र हमखास तपासावे असे आहे: बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता. शाकाहारी ज्येष्ठांत ती सहज उद्भवते, विसरभोळेपणा आणते, साध्या रक्ततपासणीत कळते आणि वेळीच गोळ्या-इंजेक्शन मिळाल्यास बरीच भरून निघते.