फेराइटातील अपमिश्रण

लोहाच्या ऑक्साइडाशी निकेल, मँगॅनीज, कोबाल्ट, जस्त इत्यादी धातूंच्या ऑक्साइडांचा उच्च तापमानास संयोग घडवून केलेले चुंबकीय सिरॅमिक म्हणजे फेराइट. त्यातील काही धातु-आयनांच्या जागी अन्य मूलद्रव्याचे आयन हेतुपूर्वक दाखल करणे, यास अपमिश्रण किंवा डोपिंग म्हणतात.

स्पिनेल वर्गातील फेराइटाच्या एकक कोशिकेत ३२ ऑक्सिजन आयन असून त्यांच्यामधील ८ चतुष्फलकीय व १६ अष्टफलकीय जागी धातूंचे आयन वसलेले असतात. या दोन समूहांची चुंबकीय परिबले परस्परविरुद्ध दिशांस राहतात, आणि पदार्थाचे चुंबकत्व ही त्यांच्या वजाबाकीतून उरलेली बाकी होय, असा सिद्धांत लुई नेएल यांनी १९४८ मध्ये मांडला. म्हणून नवा आयन स्वतः चुंबकीय आहे की नाही, याहून तो कोणत्या जागी मुक्काम करतो, हीच बाब निर्णायक ठरते.

निकेल फेराइटात जस्त घातल्याचे उदाहरण या दृष्टीने विलक्षण उद्बोधक आहे. जस्ताच्या आयनाला चुंबकीय परिबल मुळीच नाही; परंतु तो चतुष्फलकीय जागा पसंत करतो व तेथील लोहास अष्टफलकीय जागी लोटतो, त्यामुळे दुबळी बाजू अधिक दुबळी व प्रबळ बाजू अधिक प्रबळ होऊन, अचुंबकीय द्रव्य मिसळले असताही, चुंबकत्व वाढते. जस्ताचा अंश क्ष धरल्यास प्रत्येक सूत्र-एककाचे परिबल (२ + ८क्ष) बोर मॅग्नेटॉन असावे, असे हिशेबाने निघते. प्रत्यक्षात ही वाढ जस्ताचे प्रमाण निम्म्याच्या आसपास पोहोचण्यापूर्वीच थांबते, कारण दोन समूहांमधील बंधन शिथिल होऊन अष्टफलकीय जागांवरील परिबले एकमेकांशी कोन करून कलतात (याफेत व किटेल, १९५२). त्याच शैथिल्याने क्यूरी तापमानही उतरते. जस्ताचा आयन आकाराने मोठा असल्यामुळे जालकांतर निकेल फेराइटातील सुमारे ८.३४ अँगस्ट्रॉमपासून जस्त फेराइटातील ८.४४ पर्यंत वाढत जाते.

इतर अपमिश्रणांचे हेतू निराळे असतात. अल्प कोबाल्टाने विषमदिक्कतेची भरपाई होऊन पार्यता सुधारते. मँगॅनीज-जस्त फेराइटात कॅल्शियम व सिलिकॉन यांची ऑक्साइडे अत्यल्प प्रमाणात घातली असता ती जालकात न शिरता कणसीमांवर साठतात व विद्युत्-रोधकता वाढवून उच्च कंप्रतेस होणारा ऊर्जेचा अपव्यय रोखतात. बेरियम फेराइटात लोहाच्या जागी ॲल्युमिनियम आल्यास निग्राहिता वाढते, संपृक्त चुंबकन मात्र घटते.

लँथॅनम, गॅडोलिनियम इत्यादी विरल मृत्तिकांचे आयन स्पिनेलच्या जागांच्या मानाने फार मोठे असल्यामुळे त्यांपैकी थोडेच आत सामावतात व उरलेल्यांची ऑर्थोफेराइटाच्या रूपाने स्वतंत्र प्रावस्था बनते. अशा नमुन्याची प्रावस्था एकच आहे हे क्ष-किरण विवर्तनाने, आणि आयनांची जागा मॉसबाउअर वर्णपटाने वा न्यूट्रॉन विवर्तनाने पडताळल्याखेरीज, केवळ मिश्रणाच्या सूत्रावरून काढलेले निष्कर्ष ग्राह्य मानू नयेत.