लाल कार्ड आणि मुळ्याचा रस

२०२० च्या टाळेबंदीत माझी नात चार महिने आमच्याकडे साताऱ्याला अडकून पडली. नववीतली मुलगी. पुण्यातल्या मैत्रिणी दूर, शाळा मोबाइलवर, आणि घरात आम्ही दोघं म्हातारी माणसं. एके दिवशी दुपारी ती म्हणाली, ‘‘आजी, तू फक्त पहिला भाग बघ. नाही आवडला तर पुन्हा म्हणणार नाही.’’ मी चाळीशीतला चष्मा पुसला आणि बसले. पंचवीस भाग पाहिल्यावरच उठले म्हणा ना!

मालिका होती ‘बॉईज ओव्हर फ्लॉवर्स’. कोरियाच्या केबीएस वाहिनीवर २००९ च्या जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत दर सोमवारी आणि मंगळवारी रात्री ती लागत असे आणि तिकडचे तीस टक्क्यांहून अधिक प्रेक्षक तिच्यापुढे बसत. गोष्ट साधी. जान-दी नावाची मुलगी, तिच्या वडिलांचं कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान. ती एकदा धुतलेला गणवेश पोचवायला श्रीमंतांच्या शाळेत जाते, तर एक रक्तबंबाळ मुलगा गच्चीच्या कठड्यावर उभा. त्याला शाळेतल्या चार राजपुत्रांनी ‘लाल कार्ड’ दिलेलं असतं. ज्याच्या कप्प्यात ते कार्ड लटकलं, त्याला अख्ख्या शाळेने छळायचं, असा तिथला रिवाज. जान-दी त्याला वाचवते, बातमी फुटते, शाळेची अब्रू जायला लागते. ती सावरायला म्हणून या मुलीला पोहण्याच्या शिष्यवृत्तीवर त्याच शाळेत घेतात. मग कार्ड तिलाच मिळतं. तिच्यावर अंडी आणि पीठ फेकलं जातं. ती मात्र चौघांच्या म्होरक्याला, म्हणजे जुन-प्योला, सरळ एक उडती लाथ हाणते. आणि तो पठ्ठ्या त्याच लाथेने प्रेमात पडतो.

हसू नका. मीसुद्धा हसले होते. पण मालिकेत गोडवा आहे, हे कबूल करायला हवं. ली मिन-होने केलेला जुन-प्यो डोक्यावर कुरळ्या केसांचं टोपलं घेऊन फिरतो, म्हणी हमखास चुकीच्या म्हणतो, आणि मुलगी आपल्यावर भाळली आहे अशी त्याची ठाम समजूत असते. जान-दी आणि तिची मैत्रीण पेजेच्या दुकानात काम करतात. त्या दुकानातली प्रत्येक वेळ मला आवडली. जान-दीच्या आईचा एक प्रसंग तर मी दोनदा पाहिला. मुलाचा नाद सोड म्हणून जुन-प्योची आई पैशांची बॅग घेऊन यांच्या घरी येते आणि जान-दीची आई तिच्या डोक्यावर मीठ ओतते! नको असलेलं माणूस गेलं की मीठ फेकायची तिकडे पद्धत आहे. आपल्याकडे मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात, त्यामुळे मला हा प्रसंग कुणी समजावून सांगावा लागला नाही.

ही गोष्ट मूळची कोरियाची नव्हे, जपानची. योको कामिओ या लेखिकेने १९९२ पासून दहा-अकरा वर्षं ‘मार्गारेट’ नावाच्या मुलींच्या नियतकालिकात ती चित्रकथा म्हणून लिहिली. नावातही गंमत आहे. जपानीत ‘फुलांपेक्षा लाडू बरे’ अशा अर्थाची म्हण आहे, आपल्या ‘आधी पोटोबा’च्या जातीची. कामिओबाईंनी अक्षरं बदलून ते ‘फुलांपेक्षा मुलगे’ असं केलं. २००१ मध्ये तैवानने त्यावर मालिका काढली, ती चीनने पुढच्याच वर्षी बंद पाडली. २००५ मध्ये जपानने स्वतः काढली. कोरियात तर १९९८ पर्यंत जपानी चित्रकथा, सिनेमा, गाणी यांना सरकारी दरवाजा बंदच होता. पस्तीस वर्षं गुलामीत काढलेल्या देशाचा तो राग होता. तरी चोरून छापलेल्या प्रतींतून ही कथा मुलींनी आधीच वाचून काढली होती. पुढे चीन आणि थायलंडनेही तिच्या नव्या आवृत्त्या केल्या.

इतक्या ठिकाणी फिरलेल्या या गोष्टीला कोरियात एक जागा अशी सापडली, जी दुसरीकडे नव्हती. ती कोणती, हे सांगायला मला मुळ्याच्या रसापाशी जावं लागेल.

१९६४ च्या डिसेंबरात सोलमध्ये माध्यमिक शाळांची प्रवेश परीक्षा झाली. बारा-तेरा वर्षांची मुलं. त्या काळी चांगली माध्यमिक शाळा म्हणजे चांगलं हायस्कूल, चांगलं हायस्कूल म्हणजे सोल राष्ट्रीय विद्यापीठ आणि पुढे खुर्ची. क्यूंगी हायस्कूल आणि ते विद्यापीठ अशी दोन्ही नावं ज्याच्यापुढे लागली, त्याला लोक ‘के.एस.’ म्हणत. तिकडे मालाच्या दर्जाचा सरकारी शिक्काही के.एस.च, आपल्या आय.एस.आय.सारखा. तर त्या परीक्षेत प्रश्न आला, की चिक्की-गुळासारखा गोड चिकट पदार्थ करताना मोड आलेल्या धान्याऐवजी काय घालता येईल? अपेक्षित उत्तर होतं ‘डायस्टेस’. पण पर्यायांत मुळ्याचा रसही होता, आणि मुळ्यात तेच द्रव्य असतं. ज्यांनी मुळा लिहिला त्यांचा एक गुण गेला, आणि एका गुणाने शाळा गेली. मग आयांनी काय करावं? त्यांनी मुळ्याचा रस घालून तो पदार्थ खरोखर शिजवला आणि भांडी घेऊन शिक्षण खात्याच्या दारात गेल्या. खाऊन बघा म्हणाल्या! प्रकरण कोर्टात गेलं, आया जिंकल्या, आणि १९६५ मध्ये अडतीस मुलांना त्यांच्या पसंतीच्या शाळांत जागा द्यावी लागली.

इतिहासाच्या पुस्तकात लढाया आणि तह असतात. मला विचाराल तर ती भांडीही असायला हवीत. कारण पुढच्या काही वर्षांत सरकारने ही परीक्षाच काढून टाकली. १९६९ मध्ये सोलच्या मुलांनी हाताने फिरवायचं सोडतीचं यंत्र फिरवलं आणि जो आकडा पडेल त्या माध्यमिक शाळेत गेली. १९७४ मध्ये सोल आणि बुसान इथल्या हायस्कुलांनाही हाच नियम लागला, पुढच्या वर्षी देगू, इंचॉन, ग्वांगजू इथे. खाजगी शाळा असली तरी तिने आपली मुलं निवडायची नाहीत. बड्याचा मुलगा आणि धोब्याची मुलगी आपापल्या भागात एकाच सोडतीत. हे सगळं करणारा पार्क चुंग-ही हुकूमशहा होता, हेही सांगायला हवं.

विषमता काही गेली नाही. ती शिकवण्यांत शिरली. १९८० मध्ये पुढच्या हुकूमशहाने खाजगी शिकवण्यांवर बंदी घातली, तर त्या चोरून चालल्या, आणि २००० मध्ये घटना न्यायालयाने ती बंदीही रद्द ठरवली. आपल्याकडच्या क्लासवाल्यांना हे ऐकून बरं वाटेल. पण शाळेच्या फाटकावर तरी पैशाने प्रवेश नाही, हे तत्त्व बराच काळ टिकलं.

आता मालिकेची सुरुवात पाहा. एका उद्योगसमूहाचा संस्थापक राष्ट्राध्यक्षांकडे मागणी करतो, माझ्या नातवंडांसाठी शाळा काढू द्या. आणि त्यासाठी खास कायदा होतो! आमच्या नातीला हा नुसता श्रीमंती थाट वाटला. तिथल्या आईबापांना मात्र यातली मेख लगेच कळली असणार. जे १९७४ पासून कायद्याने मिळत नव्हतं, ते स्वप्नात मिळालं. आणि वेळही कशी! २००८ मध्ये सत्तेवर आलेल्या ली म्युंग-बाक सरकारने स्वतःचे नियम स्वतः ठरवणाऱ्या शंभर खाजगी हायस्कुलांची योजना मांडली होती. म्हणजे ज्या महिन्यांत घराघरांत ही मालिका चालू होती, त्याच महिन्यांत तशा शाळांचा वाद बाहेर चालू होता.

गणवेशाचंही तसंच. १९८३ मध्ये कोरियाने शालेय गणवेशाची सक्ती उठवली, कारण तो जपानी अमलाची आठवण होता. पण रंगीत कपड्यांत गरीब-श्रीमंत ठळक दिसायला लागलं आणि दोन-तीन वर्षांतच गणवेश परत आले. मालिकेत सगळी शाळा गणवेशात आणि ते चौघेच फरचे कोट घालून फिरतात. त्यातला एक माजी राष्ट्राध्यक्षांचा नातू. या एका दृश्यात मला अख्खा धडा दिसला. मी मालिका थांबवून नातीला तो सांगायला लागले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘आजी, प्लीज.’’

दोष सांगायचे तर उत्तरार्ध ओढून-ताणून नेलेला आहे. अपहरण होतं, अपघात होतो, नायकाची स्मृती जाते, आणि नेमकी नायिकाच तेवढी त्याला आठवत नाही. लाथ मारणारी मुलगी हळूहळू रडणारी होते. अर्थात शेवटी ती डॉक्टरीचं शिक्षण घेते, आणि तो परदेशी निघताना त्याच्या मागे जात नाही, हे तिच्या बाजूने नोंदवते.

पण खरा दोष दुसरा आहे. लाल कार्डाचा हिशेब मालिका कधी करतच नाही. त्या कार्डापायी ज्याची शाळा सुटली अशा एका मुलाचा भाऊ सूड घ्यायला येतो. त्या मारामारीत जुन-प्योवर उगारलेली खुर्ची जान-दी स्वतःच्या अंगावर घेते आणि तिचा खांदा कायमचा जायबंदी होतो. तिचं पोहणं सुटतं, ज्या शिष्यवृत्तीवर ती आली तेच. म्हणजे कार्ड वाटलं श्रीमंताच्या पोराने आणि किंमत मोजली इस्त्रीवाल्याच्या मुलीने. आणि आपण प्रेक्षक त्याला प्रेम म्हणून रुमाल शोधतो. मीही शोधला.

मालिका चालू असतानाच, २००९ च्या ७ मार्चला, तिच्यात छळ करणाऱ्या मुलींपैकी एकीचं काम करणारी जांग जा-यन ही अभिनेत्री गेली. २९ वर्षांची होती. तिने आत्महत्या केली होती, आणि बड्या लोकांची सर्व प्रकारे सरबराई करायला आपल्याला भाग पाडलं, असं लिहिलेले कागद मागे ठेवले होते. पुढे २०१८ मध्ये चौकशी पुन्हा उघडावी लागली. पडद्यावर बड्यांच्या मर्जीची गंमत चालली होती, आणि पडद्यामागे ही एक बाई.

मालिकेतल्या शाळेचं बरंचसं चित्रीकरण देगू शहरातल्या केम्यंग विद्यापीठात झालं. त्याच देगूत २०११ च्या डिसेंबरात माध्यमिक शाळेतल्या एका मुलाने वर्गमित्रांच्या छळाला कंटाळून जीव दिला. त्याने चिठ्ठी लिहून ठेवली होती. देश हादरला. २०१२ च्या फेब्रुवारीत सरकारने उपाययोजना जाहीर केली, छळाची नोंद विद्यार्थ्याच्या शालेय दप्तरी करायचं ठरलं, आणि २०२३ मध्ये ते नियम आणखी कडक झाले. मालिकेमुळे त्या मुलावर वेळ आली, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं चुकीचं होईल. पण २०२२ च्या अखेरीस ‘द ग्लोरी’ नावाची कोरियन मालिका आली. तीत शाळेत केस कुरळे करायच्या यंत्राने चटके खाल्लेली मुलगी मोठी होऊन एकेकीचा हिशेब करते. अंडी-पिठाच्या त्या खेळाकडे तेरा-चौदा वर्षांत तोच देश कसा बघायला लागला, ते या दोन मालिका शेजारी ठेवल्या की दिसतं.

नातीने मला शेवटी विचारलं, ‘‘तुमच्या वेळी असं होतं का गं?’’

मी नाही म्हणणार होते. पण १९८० च्या दशकातला माझा आठवीचा एक वर्ग आठवला. एका मुलाचे वडील चौकात गाडीवर इस्त्री करायचे. कोळशाची इस्त्री. वर्गातली मुलं त्याला ‘कोळसा’ म्हणायची, त्याच्या बाकावर कुणी बसायचं नाही, डबा खाताना तो जिन्यात जायचा. म्होरक्या गावातल्या मोठ्या घरचा होता, हुशार होता, वक्तृत्वात बक्षिसं आणायचा. माझा लाडका. मी एकदा मुख्याध्यापकांकडे विषय काढला आणि त्यांनी काही म्हणायच्या आत मीच म्हणाले, ‘‘मुलांचं काय, चालायचंच.’’

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा आला नाही. मी रोज हजेरी घेताना त्याचा नंबर पुकारायचे. वर्गात कुणीतरी खुदकन हसायचं. महिना उलटला तसं नियमाप्रमाणे मी हजेरीपटावर पट्टी ठेवली आणि त्याच्या नावावर लाल शाईने रेघ मारली.