गाडी घ्यायचीय? आधी महिन्याचे किलोमीटर मोजा! इलेक्ट्रिक, हायब्रिड, डिझेल की हायड्रोजन : गावाकडच्या माणसासाठी सोपा हिशेब

ऊस किंवा कांद्याचे पैसे हातात आले, वर थोडं कर्ज काढलं की घरात चारचाकीचा विषय निघतो. शोरूमवाला एक सांगतो, पाव्हणे दुसरंच सांगतात. शेतकऱ्याच्या घरात गाडी दहा-पंधरा वर्षांतून एकदाच येते. निवड चुकली तर हप्ते फिटेपर्यंत सोसावं लागतं. त्यामुळे चारही प्रकार नीट समजून घेतलेले बरे.

डिझेल
लांबचा प्रवास, भरलेली गाडी आणि घाट यासाठी डिझेलची ओढ आजही चांगली. पंप तालुक्याला कुठेही मिळतो. मात्र १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि इंजिन महाग झालं. मारुतीने तेव्हाच डिझेल गाड्या बंद केल्या. आता छोट्या गाड्यांत डिझेलचे पर्याय मोजकेच उरलेत. नव्या डिझेल गाडीत धूर गाळणारा फिल्टर (डीपीएफ) असतो. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच फिरली तर तो काजळीने तुंबतो. अधूनमधून हायवेला सलग चालवली तरच साफ राहतो. फक्त गाव ते फाटा एवढंच फिरणं असेल, तर डिझेल घेऊ नये.

हायब्रिड
यात पेट्रोल इंजिन आणि बॅटरीची मोटर दोन्ही असतात. आपल्याकडच्या बहुतेक हायब्रिडला प्लग लावावा लागत नाही. ब्रेक मारताना आणि इंजिन चालू असताना बॅटरी आपोआप भरते. पण नावाला फसू नका. ‘माइल्ड’ किंवा ‘स्मार्ट’ हायब्रिडमध्ये मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, मायलेजमध्ये थोडाच फरक पडतो. खरी बचत ‘स्ट्राँग’ हायब्रिडमध्ये, उदा. ग्रँड विटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस. या गाड्या ४ मीटरपेक्षा लांब असल्याने त्यांना ४० टक्के जीएसटी लागतो, म्हणून किंमत चढी.

इलेक्ट्रिक (ईव्ही)
जीएसटी फक्त ५ टक्के. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मोटार वाहन करातही सवलत आहे. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही. घाट उतरताना थोडी बॅटरी परत भरते. कंपनी सांगते त्या रेंजमधून पाव ते तिसरा हिस्सा कमी धरावा. २४ युनिटची बॅटरी घरच्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर पूर्ण भरायला साधारण ८ ते ९ तास लागतात. म्हणजे गावठाण फीडरला रात्री लाइट टिकते का, व्होल्टेज पुरतं का, हे आधी बघा. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायची वेळ आली तर बॅटरी रिकामी असून चालणार नाही. चार्जिंगसाठी वेगळी जाड वायर आणि चांगली अर्थिंग हवीच.

महत्त्वाचं : शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करू नका. मंजूर कारणाशिवाय वीज वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दंडाचं बिल येऊ शकतं.

हायड्रोजन
केंद्रीय मंत्री नितीन गडकरी मार्च २०२२ मध्ये टोयोटा मिराई या हायड्रोजन गाडीतून संसदेत गेले, तेव्हापासून ही चर्चा आहे. टाकी ५ मिनिटांत भरते, धुराऐवजी पाण्याची वाफ निघते. पण विजेपासून १ किलो हायड्रोजन बनवायला ५० युनिटच्या वर वीज जाते आणि त्यावर मिराई साधारण १०० कि.मी. चालते. तेवढ्याच विजेवर ईव्ही ३०० कि.मी. जाते. शिवाय आपल्याकडे भरायला पंप नाहीत. टाटाने २०२५ मध्ये हायड्रोजन ट्रकच्या चाचण्या सुरू केल्या. हे इंधन आधी अवजड वाहनांत दिसेल. त्याची वाट बघत थांबण्यात अर्थ नाही.

खर्चाचा हिशेब (महिना १,००० कि.मी.)
- डिझेल : लिटरला १८ कि.मी., दर ९० रुपये धरला तर ५,००० रुपये
- स्ट्राँग हायब्रिड : लिटरला २२ कि.मी., पेट्रोल १०४ रुपये धरलं तर सुमारे ४,७०० रुपये
- ईव्ही : युनिटला ६ कि.मी., दर १२ रुपये धरला तर २,००० रुपये

विजेचा दर १०० आणि ३०० युनिटच्या पुढे चढतो. घरचा वापर धरून आपलं बिल बघा आणि वरच्या हिशेबात आपल्या गावचे दर घाला.

आता खरी मेख. समजा ईव्ही डिझेलपेक्षा २ लाखाने महाग पडली. महिन्याला १,००० कि.मी. फिरणाऱ्याचे ३,००० रुपये वाचतात, म्हणजे साडेपाच वर्षांत जास्तीचे पैसे वसूल. बॅटरीची वॉरंटी बहुधा ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार कि.मी. असते, तिच्या आत हे बसतं. पण महिन्याला ३०० कि.मी.च फिरणाऱ्याचे ९०० रुपयेच वाचतात. त्याला वसुलीला साडेअठरा वर्षं लागतील. तोवर गाडीच राहणार नाही.

मग कोणती घ्यावी?
- रोज ठरलेलं ४०-८० कि.मी. जाणं-येणं, घरी भरवशाची लाइट : ईव्ही
- लांबचे दौरे, माणसं-सामान भरून : डिझेल
- फिरणं भरपूर, चार्जिंगची सोय नाही, बजेट मोठं : स्ट्राँग हायब्रिड
- बाजार, लग्नकार्य आणि दवाखाना एवढंच : साधी छोटी पेट्रोल गाडी, हवं तर चांगली जुनी

शोरूमला जाण्याआधी एक महिना आपण किती फिरतो ते वहीत लिहून काढा. गाडी कोणती घ्यायची ते तो आकडाच सांगेल.