लिटरली : अक्षराला धरून, अक्षर सोडून

या मालेत आपण शब्दांचा इतिहास पाहतो आहोत, आणि आजचा शब्द तुम्ही सकाळपासून दोन-चारदा तरी ऐकला असेल. ‘लिटरली’. ‘मी लिटरली मेले हसून’ असं सांगणारी मुलगी आपल्यासमोर धडधाकट उभी असते, आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. इंग्रजी जगात मात्र यावरून बराच गहजब झाला. या शब्दाचा केवळ जोर देण्यासाठी होणारा वापर ऑक्सफर्डच्या कोशानं २०११ मध्ये नोंदवला. २०१३ मध्ये ते वर्तमानपत्रांच्या लक्षात आलं आणि भाषा बुडाली म्हणून ओरड सुरू झाली. खरं तर अमेरिकेच्या वेब्स्टर कोशात हा अर्थ १९०९ पासूनच होता!

पण एका क्रियाविशेषणावरून माणसं एवढी का चिडतात? त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

लॅटिनमध्ये ‘लिटेरा’ म्हणजे अक्षर. मध्ययुगीन ख्रिस्ती पंडित बायबलच्या वचनाचे चार अर्थ लावत. जेरुसलेम म्हटलं की अक्षरार्थानं ते एक शहर, रूपकानं चर्च, नीतीच्या अंगानं माणसाचा आत्मा, आणि पारलौकिक अर्थानं स्वर्गातली नगरी. आता हे चार अर्थ उलगडणार कोण? अर्थातच शिकलेला धर्माधिकारी. म्हणजे ‘अक्षरार्थ’ हा नुसता व्याकरणाचा मामला नव्हता. ग्रंथ कुणाच्या हातात राहणार, हा प्रश्न त्यात गुंतलेला होता.

विल्यम टिंडेलनं नव्या कराराचं इंग्रजी भाषांतर १५२६ मध्ये छापून घेतलं, तेही इंग्लंडबाहेर, जर्मनीतल्या वर्म्स गावी. दोन वर्षांनी लिहिलेल्या पुस्तकात त्यानं ठाम मांडलं की धर्मग्रंथाला एकच अर्थ असतो, आणि तो अक्षरार्थ. १५३६ मध्ये ब्रुसेल्सजवळ पाखंडी ठरवून त्याला गळा आवळून मारलं आणि देह जाळला. आता गंमत पाहा. हाच टिंडेल पुढे म्हणतो की ग्रंथात म्हणी आहेत, उपमा आहेत, आणि त्यांचा अक्षरार्थ म्हणजे त्यातून जे सुचवायचं आहे ते. उडी मारण्याआधी बघ, या इंग्रजी म्हणीचा अक्षरार्थ त्याच्या लेखी उडीशी संबंधित नाहीच. अविचारानं काही करू नकोस, हा आहे. अक्षरार्थाच्या या कट्टर कैवाऱ्यानंही अक्षराला किती सैल सोडलं होतं, हे आमच्या मते या शब्दाच्या इतिहासातलं सगळ्यात रोचक वळण आहे.

न्यायालयात मात्र अक्षराला घट्ट धरून बसण्याची परंपरा होती. १८६८ चा व्हाइटली विरुद्ध चॅपेल खटला घ्या. मत देण्याचा हक्क असलेल्या व्यक्तीचं सोंग घेणं हा गुन्हा होता. आरोपीनं एका मेलेल्या माणसाच्या नावावर मत दिलं. न्यायाधीश म्हणाले, मेलेल्याला मतदानाचा हक्कच नसतो, त्यामुळे गुन्हा झालेला नाही. सुटला! कायदा कशासाठी केला होता, हे लहान पोरालाही कळेल. पण अक्षर आडवं आलं.

इकडे साहित्यात शब्द केव्हाच निसटला होता. फ्रान्सेस ब्रुक ही इंग्रज लेखिका काही वर्षं क्यूबेकमध्ये राहिली, आणि १७६९ मध्ये तिची कादंबरी आली. तीत सुंदर स्त्रियांच्या घोळक्यात येऊन पडलेल्या एका भाग्यवंताबद्दल म्हटलंय की हे लिटरली कमळांमध्ये चरणं झालं. ही प्रतिमा बायबलमधल्या प्रेमगीतांतली. म्हणजे ज्या ग्रंथाच्या अक्षरार्थावरून जीव गेले, त्याच ग्रंथातल्या रूपकाला ‘लिटरली’ जोडून बाई मोकळ्या झाल्या. पुढे डिकन्स आला, मार्क ट्वेन आला. अँब्रोज बिअर्सनं १९०९ मध्ये आणि फाउलरनं १९२६ मध्ये डोळे वटारले, पण शब्द काही थांबला नाही.

हे असं का होतं? खरेपणाची ग्वाही देणारे शब्द हळूहळू नुसते जोर द्यायला उरतात. इंग्रजी ‘व्हेरी’ मुळात ‘खरा’ या अर्थाचाच शब्द; आज त्यात ‘फार’ एवढंच शिल्लक आहे. आपलंही तेच. ‘अक्षरशः’ हा शब्द घडणीनं ‘लिटरली’चा जुळा भाऊ, दोघांच्या पोटात अक्षरच. आणि आपण काय म्हणतो? पावसानं अक्षरशः झोडपलं. महागाईनं अक्षरशः कंबरडं मोडलं.

गप्पांमध्ये यानं काही बिघडत नाही, असं आम्हाला वाटतं. बिघडतं ते जबानीत, पंचनाम्यात, बातमीत. पुरात ‘घर अक्षरशः वाहून गेलं’ असं कुणी सांगतं, तेव्हा भिंती गेल्या की आतलं सामान, हे आता पुन्हा विचारावं लागतं, आणि नुकसानभरपाईचा कागद त्या उत्तरावरच भरला जातो.