शेजारच्या गच्चीवरील मनोरा

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले. देशातील या पहिल्या संभाषणाचे कौतुक झाले. ज्या मनोऱ्यांमुळे ते शक्य झाले त्यांच्याकडे त्या वेळी कोणी मान वर करून पाहिले असेल असे वाटत नाही. पुढे मोबाइल खिशाखिशांत गेला आणि टॉवर गच्चीगच्चीवर आला. आज देशात आठ लाखांच्या आसपास टॉवर आहेत. आणि या तीस वर्षांत मुंबईपासून जयपुरापर्यंत अनेक शहरांतील रहिवासी 'आमच्या आळीत टॉवर नको' म्हणून उभे राहिले.

या विरोधाची थट्टा करणे सोपे आहे. संभाषण तुटले की कुरकुर करावयाची आणि टॉवर मात्र दुसऱ्याच्या डोक्यावर उभारा म्हणावयाचे, ही विसंगती खरीच आहे. परंतु माणसाचा विरोध कशास होता आणि तो त्याने कोणत्या शब्दांत मांडला, या दोन गोष्टी निरनिराळ्या असू शकतात. हा इतिहास नीट पाहावयाचा तर प्रारंभ बराच मागे, १८८५ सालच्या तार कायद्यापासून करावा लागतो.

त्या कायद्याने तार खात्याला कोणाच्याही जमिनीवरून वा जमिनीखालून तार नेण्याचा व खांब रोवण्याचा अधिकार दिला. जमिनीची मालकी सरकारकडे जात नसे. नुकसान झाल्यास भरपाई मिळे. आणि मालकाने अडविले तर जिल्हादंडाधिकारी परवानगीचा हुकूम काढू शकत असे. म्हणजे विचारात घ्यावयाची माणसे दोनच : सरकार आणि मालक. शेजारी नावाचा तिसरा मनुष्य त्या व्यवस्थेत नव्हता, आणि तारेच्या खांबाच्या बाबतीत त्याची फारशी जरूरही नव्हती. मोबाइल कंपन्या आल्या तेव्हा त्यांनी हुकमापेक्षा भाड्याचा मार्ग अधिक पसंत केला. घरमालकाशी किंवा सोसायटीशी करार झाला की गच्चीवर लोखंडी सांगाडा चढे. भाडे एकास मिळे. जनित्राचा धूर, रात्रीची घरघर आणि कायमचा घोर मात्र समोरच्यास. त्याची संमती कोणी मागितली नव्हती, कारण ती मागण्याचे कारणच नव्हते.

मग या समोरच्या मनुष्याने जावे कोठे? 'मला विचारले नाही' ही तक्रार कोणत्याच कायद्याच्या चौकटीत बसत नव्हती. 'माझ्या प्रकृतीस अपाय होतो' ही बसत होती. तेव्हा साऱ्या तक्रारी त्या एकाच दाराने आत गेल्या.

या दारावर २०११ साली मोठी पाटी लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या वर्गात घातले. वर्तमानपत्रांतून ही बातमी टॉवरांच्या छायाचित्रांसह आली. पण त्या निर्णयाचा मुख्य आधार कानाशी मोबाइल धरणाऱ्यांच्या मेंदूतील गाठींविषयीचा, आणि तोही मर्यादित, पुरावा होता. टॉवरांविषयीचा पुरावा त्या मंडळींनी अपुराच ठरविला होता. त्याच वर्गात आशियाई पद्धतीने खारवलेल्या भाज्याही आहेत, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. आणखी एक घोटाळा आपल्या भाषेने केला. या लहरींना लोक सर्रास 'किरणोत्सर्ग' म्हणू लागले. हा शब्द युरेनियम-रेडियमसारख्या द्रव्यांचा. मोबाइलच्या लहरींत अणूतील इलेक्ट्रॉन सुटा करण्याइतकी ऊर्जा नसते. परंतु शब्द एकदा रूढ झाला की त्याच्याबरोबर त्याचे भयही घरात येते.

शासनाने या भयाला आकड्याने उत्तर दिले. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात लहरींच्या तीव्रतेची मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या दहाव्या हिश्श्यावर आणली गेली. ९०० मेगाहर्ट्झसाठी दर चौरस मीटरला ४.५ वॅटऐवजी ०.४५ वॅट. हेतू चांगला होता. परिणाम मात्र उलटाही झाला असावा, कारण सामान्य मनुष्य असा विचार करतो की धोका नव्हता तर मर्यादा दहापट खाली का आणली?

न्यायालयांचीही वाट एक नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये व क्रीडांगणे येथील टॉवर हलविण्याचा आदेश दिला. तर केरळ उच्च न्यायालयासारख्यांनी अपायाचा निर्णायक पुरावा नसल्याचे म्हटले. ग्वाल्हेरच्या मराठी श्रोत्यांना तेथील दाल बाजारातील प्रकरण आठवत असेल. शेजारच्या छपरावरील टॉवरमुळे आपणास कर्करोग झाला असे एका घरकाम करणाऱ्या गृहस्थाचे म्हणणे होते, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो टॉवर बंद करविला. टॉवरने रोग होतो असा निर्णय त्या आदेशात नव्हता. लोकांनी तो तसा वाचला.

महाराष्ट्रात २०१४ मध्ये संमतीचा प्रश्न अखेर नियमांत आला. गच्चीवर टॉवर उभारावयाचा तर इमारतीतील ७० टक्के रहिवाशांची, आणि सर्वांत वरच्या मजल्यावरील रहिवाशांची, संमती घ्यावी असे ठरले. ही प्रगतीच होय. पण येथे पदार्थविज्ञान आड येते. अँटेनाचा झोत दिव्याच्या झोतासारखा समोर, जवळजवळ आडवा जातो. तिच्या अगदी खाली राहणाऱ्यास त्याचा अंश थोडाच मिळतो. मिळतो तो समान उंचीवरील समोरच्या घरास. म्हणूनच दूरसंचार विभागाने एका अँटेनासमोर २० मीटर आणि दोन असल्यास ३५ मीटरपर्यंत तेवढ्या उंचीची इमारत नसावी असे सांगितले होते. अर्थात ज्याच्या खिडकीकडे अँटेना तोंड करून असते, त्याला मत नाही; ज्याला भाड्यातील वाटा मिळतो, त्याला आहे. आणखी विचित्र असे की टॉवर दूर गेला म्हणजे हातातील मोबाइल त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी अधिक जोर लावतो. म्हणजे टॉवर हाकलून देणारा रहिवासी काही वेळा लहरी आपल्या कानाशी आणून बसवीत असतो.

अमेरिकेचा अनुभव नेमका उलट आहे. तेथील १९९६ च्या दूरसंचार कायद्याने, लहरी केंद्रीय प्रमाणात असतील तर त्यांच्या परिणामांच्या कारणावरून टॉवरची जागा नाकारण्यास स्थानिक संस्थांना बंदी केली. प्रकृतीचे दार बंद झाले, तेव्हा तक्रार सौंदर्याच्या दाराने आली. आणि पाइन वृक्षांचे सोंग घेतलेले टॉवरही कंपन्यांनी उभारले. आपल्याकडे दृश्य बिघडले म्हणून टॉवर थांबल्याचे मी तरी ऐकलेले नाही. ब्रिटनमध्ये सर विल्यम स्टुअर्ट यांच्या समितीने मे २००० मध्ये अधिक नेमके निदान केले. अपायाचा पुरावा दिसत नाही, असे म्हणतानाच १५ मीटरपर्यंतच्या टॉवरांना पूर्ण परवानगीतून मिळणारी सूट काढावी, अशी तिने शिफारस केली. इंग्लंडमध्ये सरकारने ती मानली नाही.

नोकरीच्या निमित्ताने असे अर्ज वाचण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यांपैकी एक एका निवृत्त शिक्षकांचा होता. पहिल्या परिच्छेदात कर्करोग, मेंदू, चिमण्या. दुसऱ्यात जनित्राचा धूर स्वयंपाकघरात येतो. तिसऱ्यात, जिन्याची किल्ली कोणाकोणाकडे आहे ते कळत नाही आणि अपरात्री माणसे गच्चीवर चढतात. चौकशी झाली. लहरींचे मोजमाप मर्यादेच्या बरेच खाली निघाले. धुराची नळी दुसऱ्या बाजूस वळविण्यात आली, किल्लीची नोंदवही ठेवली गेली. महिन्याभराने त्यांचा दुसरा अर्ज आला. त्यात कर्करोग नव्हता, चिमण्या नव्हत्या. यापुढे समोरच्या गच्चीवर काही उभारावयाचे झाल्यास आम्हांस आधी कळवावे व आमचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढीच विनंती होती. तो अर्ज कोणत्या नियमाखाली घ्यावा हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. तेव्हा तो मूळ प्रकरणासच जोडून ठेवण्यात आला.