चाक फिरतं, पण कुणाच्या जोरावर?

आज आपण एका जुन्या स्वप्नाचा इतिहास बघणार आहोत. वजनाच्या जोरावर चाक आपोआप फिरत राहील, त्यातून वीज होईल आणि त्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढता येईल, असं ते स्वप्न. यातला हायड्रोजन नवा. चाक मात्र फार जुनं.

ब्रह्मगुप्ताने ६२८ साली असं चाक सांगितलं. ११५० साली भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त तीच कल्पना मांडली: हलक्या लाकडाचं चाक, पोकळ आरे, त्यांत अर्धा पारा आणि तोंडं बंद. भास्कराचार्य तर आपल्याच मुलखाशी जोडलेले; त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. पुढे तेराव्या शतकात युरोपातही अशी चाकं चितारली गेली. शेवटी १७७५ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने जाहीर केलं, की निरंतर चालणारी यंत्रं आम्ही यापुढे तपासणार नाही.

असं का? याचं उत्तर आपल्या शेतकऱ्याला मोटेवरच कळलेलं होतं. भरलेली मोट ओढताना बैल धावेवरून उतरतात, तेव्हा त्यांचं वजन कामी येतं. पण पुढच्या खेपेला त्यांना चढ चढून मागं यावंच लागतं. पृथ्वी ओढते खरी, पण वर नेऊन देत नाही. चाकाची एक बाजू उतरते तेव्हा दुसरी चढते. हिशेब शून्य, वरून घर्षणाचा तोटा.

आता आकडे बघू. एक टन दगड दहा मीटर खाली सोडला, तर फार तर ०.०२७ युनिट वीज मिळते. म्हणजे ९ वॅटचा दिवा तीन तास. एक किलो हायड्रोजनला साधारण ५० युनिट लागतात. म्हणजे तो दगड अठराशेहून जास्त वेळा पडला पाहिजे, आणि दर वेळी कुणीतरी तो वर चढवला पाहिजे!

मग वजनावर फिरणारं खरं चाक कुठंय? परभणी जिल्ह्यातच आहे. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. तिथल्या वीजघराची क्षमता २२.५ मेगावॅट. तिथंही पाणी वरून खाली पडतं आणि चाक फिरवतं. फरक एवढाच, की पाणी वर चढवण्याची मजुरी सूर्य आणि पावसाळा करतो. पूर्ण क्षमतेने एक तास चाललं, तर या विजेत साधारण ४५० किलो हायड्रोजन निघेल.

हे नुसतं कागदावरचं नाही. पंजाबात नांगलला १९६० च्या दशकात भाक्राच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून खत बनवलं जायचं. नॉर्वेत वेमोर्कला तर हे १९२९ पासूनच चालू होतं.

पण १९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेल्या मराठवाड्याला वेगळं सांगायला नको: पाऊस रुसला की हे चाकही थांबतं. येलदरीचं पाणी पुढे सिद्धेश्वर धरणात आणि तिथून कालव्यांनी शेतात जातं. ते कधी सोडायचं, हे पिकं ठरवतात.

तेव्हा उद्या कुणी ‘इंधनाविना चालणारं चाक’ विकायला आलं, तर पैसे काढण्याआधी एवढंच विचारू या: खाली आलेलं वजन परत वर कोण नेणार?