तळटीप : भातसेतल्या कोलांट्या आणि बर्फावरची पदके

१२. खडवली हे मध्य रेल्वेवर टिटवाळ्याच्या पुढचे स्टेशन. तिथली पोरे भातसा नदीत कोलांट्या मारतात, त्या पाहून लेखकाला फ्रीस्टाइल स्कीइंग आठवले, यात अतिशयोक्ती वाटते तेवढी नाही. या खेळातल्या ‘एरियल्स’ प्रकाराचे खेळाडू उन्हाळ्यात पाण्यातच सराव करतात. प्लास्टिकच्या ब्रशांनी मढवलेल्या उतारावरून पायात स्की, डोक्याला हेल्मेट अशा थाटात सुटायचे, हवेत गिरक्या घ्यायच्या आणि थेट तलावात. तळातून हवा सोडून पाणी फेसाळते ठेवतात, म्हणजे मार कमी बसतो. उडी इथे पक्की झाली की मगच बर्फावर. ब्रिस्बेनमध्ये बर्फ पडत नाही, तरी ऑस्ट्रेलियाने असा तलाव तिथेच बांधला. त्या देशाची अलिसा कॅम्पलिन मुळात जिम्नॅस्ट. २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिने एरियल्सचे सुवर्ण जिंकले, २०१० मध्ये लिडिया लसिलाने. गुणांपैकी निम्मे हवेतल्या शरीराच्या ठेवणीला, ३० टक्के उतरण्याला, २० टक्के उड्डाणाला. त्या बेरजेला उडीच्या काठिण्याने गुणतात. खडवलीकरांचे उतरण्याचे गुण अर्थात गेलेच.

पुढच्या परिच्छेदातले आंचल ठाकूरचे पदक मात्र या प्रकारातले नव्हे. मनालीच्या आंचलने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानात एर्झुरूम येथे कांस्य मिळवले ते अल्पाइन स्कीइंगच्या स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांमधून वळणे घेत उतरण्याच्या शर्यतीत. हिवाळी ऑलिंपिकचे पदक भारताच्या नावावर अजून नाही. — संपा.